शिकून डोकं फिरलं

“आशाचं नाव काढून टाका,” तात्यासाहेब उभ्या उभ्याच म्हणाले.

हेडमास्तर खुर्चीतून उठले. आशा नववीत होती, वर्गात पहिली होती. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर आली होती. त्यांनी कारण विचारलं. तात्यासाहेब बाहेर मैदानाकडं पाहत राहिले.

“एक पोरगं शिकून खराब झालं. दुसरं करायचं नाय.”

हेडमास्तरांनी हजेरीपट पुढं ओढला. बद्रीनाथची गोष्ट देवगाव रंगारीत सगळ्यांना ठाऊक होती.

बद्रीनाथ म्हणजे तात्यासाहेबांचा थोरला. औरंगाबादला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला तो परत गेलाच नाही. आधी रात्रंदिवस जागा राहू लागला. मग भिंतीकडं तोंड करून कुणाला तरी उत्तरं देऊ लागला. भाकरीत जहर आहे म्हणून ताट लोटून द्यायचा. आंघोळ सोडली, दाढी वाढली. तात्यासाहेबांनी लिंबं उतरवली, अंगारे लावले. एका भगतानं पोराच्या पाठीवर चिंचेच्या फोकानं वळ उठवले, तेही पाहिलं. आणि जो भेटेल त्याला एकच सांगितलं, “लई पुस्तकं वाचली. त्यानं डोकं फिरलं.”

लोकांना ते पटलं. शहाण्या माणसाचा शब्द होता. गावातल्या आणखी दोन बापांनी त्या साली आपल्या मुली शाळेतून काढल्या.

आशा रडली नाही. ती दोन दिवस बापाशी बोलली नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी सोयगावकडचं एक स्थळ येणार असल्याचं घरात बोललं गेलं. आई चतुराबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला. पण नवऱ्यासमोर ती कधी बोलली नव्हती, आणि तेव्हाही बोलली नाही.

दिवाळीनंतर बद्रीनाथनं अन्नपाणी सोडलं. फक्त आशानं भरवलं तर दोन घास खायचा. पुढं तेही बंद झालं. पाच दिवस झाले तेव्हा चतुराबाईनं पोराच्या अंगावर चादर गुंडाळली आणि ओसरीवर येऊन उभी राहिली.

“घाटी दवाखान्यात चला. नायतर मी एकली नेते.”

तात्यासाहेबांनी बैलगाडी जुंपायला सांगितली. पुढं एसटीनं ते चौघं औरंगाबादला गेले. आशाला घ्यावंच लागलं. तिच्याशिवाय बद्रीनाथ पाऊल उचलेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बद्रीनाथला आरडाओरडा न करता बसवलं, आवाज कुणाचे येतात, काय म्हणतात, ते विचारलं. एवढ्या महिन्यांत त्याला असं कुणी विचारलंच नव्हतं. तो बोलला. मग त्यांनी त्याची पाठ पाहिली. वळ अजून दिसत होते. त्यांचा चेहरा बदलला.

“हे कुणी केलं?”

“बाई, भगतानं,” तात्यासाहेब म्हणाले. “काय करावं? शिकून डोकं फिरलं पोराचं.”

“शिकून कुणाचं डोकं फिरत नाही. हा आजार आहे. जसा ताप, जशी दम्याची धाप. वेळेवर आणलं असतं तर हे वळ तरी टळले असते.” त्यांनी कागद पुढं ओढला. “घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं? आजा, चुलता, आत्या?”

“नाय,” तात्यासाहेब लगेच म्हणाले. “आमच्या घराण्यात असलं काय नाय.”

बाईंनी लिहायला पेन टेकवलं.

“व्हय, झालं व्हतं,” चतुराबाई म्हणाली.

तात्यासाहेबांनी मान वळवली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाईंकडं पाहूनच बोलत राहिली.

“यांचे थोरले भाऊ. मी नवी नवरी व्हते तवा. असंच भिंतीशी बोलायचे. कडब्याच्या खोलीत कोंडलं व्हतं त्यायला. मी दाराच्या फटीतून भाकर द्यायचे. पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात तिथंच गेले. बाहेर सांगितलं, पान लागलं. साप चावला म्हणून. मला सासूनं शपथ घातली, तोंड उघडायचं नाय. मी नाय उघडलं. सत्तावीस वर्षं.”

आशा आईकडं पाहत राहिली. या चुलत्याबद्दल तिनं आज पहिल्यांदाच ऐकलं.

बाईंनी हळू विचारलं, “त्यांचं वय काय होतं?”

“ईस-बावीस. याच्याएवढंच.”

“आणि शिक्षण?”

“कुठलं शिक्षण, बाई? निजामाचं राज व्हतं. आमच्या वस्तीवर साळाच नव्हती. त्यायनं उभ्या जन्मात पाटीला हात लावला नाय.”

बद्रीनाथ आशाचा हात धरून बसला होता. तात्यासाहेब पुटपुटले, “चतुरा, घराण्याचं नाव... पोरीचं लगीन...”

तेव्हा ती त्यांच्याकडं वळली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. परक्यासमोर ती त्यांच्याशी अशी पहिल्यांदाच बोलली.

“तुम्हाला समदं ठावं व्हतं. भावाला तुम्हीच कडी लावायचे. घराण्याला बोल लागू नये म्हणून तुम्ही तो पुस्तकाला लावला, आन् माझी पोरगी घरी बसवली. सोमवारी ती साळंत जाईल. हेडमास्तरला कारण मी सांगन.”