पोच

"मॅडम, तुमचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आलाच नाही," विभागप्रमुख गव्हाणे सर चहाचा घोट घेत म्हणाले. "आणि माझ्या शिफारशीशिवाय संशोधनाला बाहेरून निधी मागता येत नाही, विद्यापीठाचा नियमच आहे. आता पुढच्या वर्षी बघू."

राहू गावातल्या विहिरींच्या पाण्यावर आसमीननं दोन वर्षं घालवली होती आणि अर्जाची मुदत आज पाचला संपत होती. तिनं पर्स उघडली आणि घडी घातलेला कागद सरांपुढं ठेवला. प्रस्ताव मिळाल्याची पोच. तारीख वीस दिवसांपूर्वीची, खाली सही सरांचीच. तिनं पोच मागितली तेव्हा सर हसत हसत सही करून मोकळे झाले होते, आणि अख्खी स्टाफरूम हसली होती.

"त्याच नियमाची पुढची ओळ वाचा, सर. पंधरा दिवसांत हरकत घेतली नाही, तर शिफारस झाली असं धरायचं. आता तुमची सही नको मला."

सरांचा चहा तसाच राहिला. पावणेपाचला प्रस्ताव गेला.

जिना उतरता उतरता तिनं वडलांना फोन लावला. "अब्बा, गेला बरं का अर्ज! पोच मागितली म्हणून लई हसले होते मला."

"हसू दे की!" इमामभाई उसाच्या सरीतूनच ओरडले. "कारखान्यात उसाच्या लागणीची नोंद दिली, तवा पोच मागितली म्हणून मलाबी हसले व्हते. मग तोडीचा नंबर नोंदीच्या तारखेवर लागला, तवा सांग, गावात पहिली तोड कुणाच्या रानात आली?"