उद्घाटनाआधीचा वणवा

“खबरदार हात लावाल तर! अजून फीत कापायचीय,” म्हणत वन समितीचे अध्यक्ष गणबाराव गोदामाच्या दारात आडवे उभे राहिले.

त्यांच्यामागे सरकारी अनुदानातून आलेली, जोराची हवा सोडून वणवा विझवायची ब्लोअर यंत्रं गुलाबी फितीत नटून बसली होती. आमदारसाहेबांना उद्घाटनाला सवड मिळेना, आणि समोर डोंगर तर पेटलेला.

“आबा, आपण लावलेली रोपं जळताहेत!” हौसाक्का कळवळली.

“रोपं पुन्हा लावता येतील. आधीच फीत सुटली तर साहेब येतील का?”

शेवटी गावाने हिरव्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग विझवली. तोवर अर्धा डोंगर कोळसा झाला होता. फितीला मात्र सुरकुतीही नव्हती.

दुसऱ्याच दिवशी साहेब आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. बसायला वळतात, तर सोफ्यावर राखेचा थर! गणबारावांनी झटकन एक ब्लोअर सुरू केला. पापणी लवायच्या आत सोफा लख्ख.

“वा! काय यंत्र आहे!” साहेब खूश झाले. “पुढच्या वर्षी आणखी देऊ.”

गणबारावांनी हात जोडले आणि उरलेल्या अर्ध्या डोंगराकडे आशेने पाहिलं.