डावी पाकळी

देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटली होती. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुळजाचं डोकं सणकलं होतं. बारा वर्षं रान तुडवून ती पी.यू.सी., म्हणजे बारावी, पास झाली, आणि पुढचं कॉलेज आता एका पाकळीवर लटकलं होतं.

दांडेलीच्या कॉलेजात अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस. गाडी तासाभरात येणार. अर्ज तिच्या हातातल्या पिशवीत होता, त्यावर बापाचा अंगठा तेवढा उमटायचा होता. पण बाप, झिलू, महिनाभर हो म्हणेना की नाही म्हणेना. तिचा थोरला भाऊ लखू त्याच कॉलेजात बी.ए. झाला आणि आता शेतातल्या माळ्यावर बसून गवे हाकत होता. "शिकून काय दिवे लावले?" असं येता-जाता लोक विचारत. शेवटी झिलूनं कौल लावायचं ठरवलं.

देवळाच्या वाटेवर तो एकच प्रश्न घोकत होता, विसरू नये म्हणून. "देवा, पोरीला कॉलेजात धाडू काय?" ऐकून ऐकून तुळजा वैतागली. देवळात मात्र तो गप्प झाला. प्रश्न मनातच धरायचा, गुरवालासुद्धा सांगायचा नाही, अशी इथली रीत.

डावी पाकळी पडली.

भिकाजी गुरवानं ती उचलून झिलूच्या हातावर ठेवली. "मनात जे काय धरलंस, त्याला देव न्हाई म्हंतोय बाबा."

कौल मोडायची छाती गावात आजवर कुणाची झाली नव्हती. तुळजाला रडू आलं नाही, चीड आली. देवाची आली, लखूची आली, बापाची तर सगळ्यांत जास्त आली.

"देवानं कधी कॉलेज बघितलंय व्हय?" ती ओरडली. पिशवीतून अर्ज काढून तिनं तो फाडायला धरला.

झिलूनं तो हिसकावून घेतला. त्याला अक्षरही वाचता येत नव्हतं, तरी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"झिलू, इचारलं हुतंस तरी काय?" गुरवानं विचारलं.

झिलूनं अर्ज काखेत दाबला. देवाकडं बघून दोन्ही कान धरले. मग गुरवाकडं वळला.

"पोरीला घरातच ठेवू काय, असं इचारलं हुतं," तो म्हणाला. "देव न्हाई म्हंतोय."