डोक्यावरचा हात

रणजितने पुन्हा कोपर ओरबाडलं होतं. शालनताई ओल्या फडक्याने रक्त टिपत होत्या.

"आई, कातडीखाली किडे फिरतायत गं. माझ्या चुगल्या करतायत."

यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या जागून काढायला घेतलेल्या गोळ्यांनी त्याची ही दशा केली होती. भिंती त्याच्याशी बोलायच्या, शेजारी टपून बसलेले असायचे. ते सगळे भास होते. किडे मात्र खरे होते. डॉक्टरांनीच त्याच्या रक्तात धुळीच्या कणाएवढी यंत्रं सोडली होती. तसली गोळी पुन्हा पोटात गेली की ती यंत्रं दवाखान्याला कळवत. तो शुद्धीवर नसताना संमतीची सही शालनताईंनी केली होती. "त्याला कळलं तर सुरीने हात चिरून घेईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग. आहेत का किडे?"

पोटच्या पोराची खोटी शपथ! तरी शालनताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाहीत रे बाळा."

रणजितचे खांदे सैल पडले. कितीतरी दिवसांनी त्याने आईकडे सरळ पाहिलं.

"तू माझी खोटी शपथ कधीच घेणार नाहीस," तो हळूच म्हणाला. "म्हणजे मलाच वेड लागलंय."