गाडी असेपर्यंत

आमच्या यजमानांनी गाडीचं महागडं वॅक्स घेतलं, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "गाडी असेपर्यंत मालकानं स्वतः डबा आणावा, जन्मभर फुकट भरून देऊ." दर रविवारी गाडी चमकवून ते मला लालबागला फुलझाडं बघायला न्यायचे. गाडी विकली, हे आता त्यांच्या लक्षात राहत नाही. वॅक्स मात्र आमचा मुलगा त्यांना पुढे करून अजून फुकट आणतो आणि छोट्या डब्यांतून सर्जापूर रोडच्या फ्लॅटवाल्यांना विकतो. त्यासाठीच आज त्यानं आम्हा दोघांना ऑटोत बसवून दुकानात आणलं. "राव, गाडी कशी आहे?" दुकानदारानं सहज विचारलं. कित्येक महिन्यांनी यजमानांचा चेहरा उजळला. "बाहेरच आहे. चला, दाखवतो!" "स्वल्प थांबा, अप्पा." मुलानं त्यांचा खांदा दाबला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. डबा अजून रिकामाच होता. "सकू, किल्ली दे," यजमान उठत म्हणाले. मी पर्स उघडली आणि किल्ली शोधत राहिले.