राईतून आलेली

केशर अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. लुगडं काट्यांनी फाटलं होतं, पोटऱ्यांवर रक्त सुकलं होतं.

पडवीत तिचा नवरा झिलू उभा होता. हातात कोयता. त्याच्या मागं सासू तुळजा, तिच्या कडेवर केशरचं तान्हं पोर.

"थितंच थांब," तुळजा म्हणाली.

"आत्ती, मी हाय. केशर."

कुणीच खाली उतरलं नाही.

काल तिन्हीसांजेला रेडकू दिग्गी गावाच्या वाटेवरल्या देवाच्या राईत शिरलं, म्हणून ती मागं गेली होती. त्या राईतलं वाळकं पानही कुणी उचलत नसे. सरकारी जंगलाचे गार्डसुद्धा कडेकडेनं जात. आत तिला चकवा लागला. कुठूनही निघावं, पुन्हा त्याच वडापाशी यावं. शेवटी मुळांत बसून तिनं रात्र काढली. कुणी दिसलं नाही, कुणी बोललं नाही. रेडकू मात्र अंधार पडायच्या आत आपणहून गोठ्यात आलं होतं.

"पाय दाखव," तुळजा म्हणाली.

केशरनं लुगडं वर धरलं. टाचा मागंच होत्या. झिलूनं श्वास सोडला. तुळजा मात्र हलली नाही.

"राईतली लई हुशार. गेलेलं माणूस ठिवून घेत्यात, आन् हुबेहूब तसंच दुसरं धाडत्यात. माझ्या माहेरची गिरजा अशीच आलती."

"तिचं काय झालं, आत्ती?"

झिलूनं कोयता या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात पोर रडायला लागलं. केशरला पान्हा फुटला, पदर भिजला. ती पुढं सरकली. "बघा की आत्ती, दूध आलंय. भुकेजलंय ते."

"त्येंलाबी येतं," तुळजा म्हणाली.

पोर रडून रडून निळं पडायला लागलं. झिलूनं ते तुळजाकडून ओढून घेतलं, पायरी उतरला आणि लांबूनच केशरपुढं धरलं. पोर तिच्या अंगाला चिकटलं, गटागटा पिऊ लागलं. झिलू कोयता घेऊन तिथंच उभा राहिला. पोराचे डोळे मिटल्यावर म्हणाला, "घरात ये."

केशरला रडू फुटलं.

दिवसभर ती राबली. अंगण सारवलं, पेज शिजवली. तुळजा तिच्या सावलीतही आली नाही. झिलूनं मात्र कोयता वाशाला खोचून ठेवला, तेव्हा केशरच्या जिवात जीव आला.

दिवस कलताना तो जेवायला बसला. तिनं वाढलेली पेज तो सगळी प्याला. आई गोठ्यात गेलेली बघून तो केशरकडं वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हात जोडलेले होते.

"तू मागशील ते देतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कोंबडं देतो, बकरं देतो. माझ्या केशरला कवा सोडतीस?"