‘पुरे’चं कार्ड

अंगणवाडीच्या कुमुदताईंनी प्रशिक्षणात मिळालेली चित्रांची कार्डं पाच वर्षांच्या ईश्वरीपुढे मांडली. स्वमग्न ईश्वरी बोलत नसे. बडबड असह्य झाली की स्वतःचं मनगट चावायची.

“हे पाणी, हा झोका, आणि आडवा हात म्हणजे पुरे. कळलं ना बाळा? बघ हं, पुन्हा सांगते...” ताई उत्साहाच्या भरात थांबेचनात.

ईश्वरीने कान झाकले, मग मनगट तोंडाकडे नेलं. पण हात वाटेतच थांबला. तिने ‘पुरे’चं कार्ड उचलून ताईंच्या हातात ठेवलं.

ताई तत्क्षणी गप्प झाल्या. ईश्वरीचे खांदे सैल पडले.

मग ताई पाय न वाजवता बाहेर पळाल्या आणि अंगणात थांबलेल्या ईश्वरीच्या आईचे दोन्ही हात गच्च धरून कुजबुजल्या, “अगं सुवर्णा, तुझ्या लेकीने आज मला गप्प बसवलं!”